खारघरला टाटाजवळ दोन-अडीच महिन्यांसाठी घर हवंय. आजार सांगावा की लपवावा?

देवरुखकर | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

आईला जिभेचा कर्करोग. ऑपरेशन परळच्या टाटा हॉस्पिटलला झालं, आता शेक (रेडिएशन) खारघरला, म्हणजे टाटाच्याच तिथल्या अ‍ॅक्ट्रेकला घ्यायचे आहेत. एकूण ३०. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे सहा आठवडे. मध्ये सुट्टी आली किंवा मशीन बंद पडलं की पुढे जाणार. आधीची तपासणी आणि नंतरचे काही दिवस धरून अडीच महिने लागतील असं मी समजतो.

सध्या डोंबिवलीला मावसभावाकडे आहोत. त्याचा आग्रह आहे की इथेच राहा. पण डोंबिवली-ठाणे, मग नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मला जाऊन पनवेल गाडी, मग खारघरहून रिक्षा, आणि हेच सगळं परत. तीन दिवस तपासणीसाठी करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी आई ठाण्याच्या पुलावर पायरीवरच बसली.

आठवडाभर घरं बघतोय. बजेट २० हजारांपर्यंत, वन आरके चालेल. दोन मालकांनी "पेशंट कोण? काय झालंय?" विचारलं आणि उत्तर ऐकून "घरी विचारून कळवतो" म्हणाले. कळवलं नाही. तिसऱ्या ठिकाणी एजंटच म्हणाला, "साहेब, पेशंट म्हणूच नका. कंपनीची बदली झालीय सांगा. ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करा, अडीच महिन्यांनी पुन्हा बदली झाली म्हणा."

आईला हे कळलं. तिला बोलायला त्रास होतो, पाटीवर लिहिते. तिने लिहिलं, "खोट्या घरात मला झोप नाही."

तर प्रश्न दोन. कुठल्या भागात बघू? आणि खरं सांगून घर मिळतं का हो?

---

पनवेलकर_जुना | रविवार, रात्री ११.१५

आईंना बरं वाटो. भागाबद्दल सांगतो, दुसऱ्या प्रश्नावर ताया-बायका बोलतील.

अ‍ॅक्ट्रेक सेक्टर २२ मध्ये. नकाशात "खारघर" दिसलं म्हणून स्टेशनजवळ घर घेऊ नका, स्टेशन एका टोकाला आहे आणि हॉस्पिटल दुसरीकडे. एजंट "पाच मिनिटं" म्हणतात ती त्यांच्या बुलेटवरची पाच मिनिटं. सेंट्रल पार्कच्या आसपास बघा. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे, तिचं सेंट्रल पार्क नावाचंच स्टेशन आहे. त्यामुळे उत्सव चौक, केंद्रीय विहारकडे घर मिळालं तरी रोजचं जाणं-येणं होतं. स्टेशनांना लिफ्ट आहेत, पूल चढणं नाही.

टॉवरमध्ये दार आपटत बसण्याआधी गावांत फिरा. मुर्बी, ओवे, पेठ, कोपरा, खारघर गाव. सिडकोचे सेक्टर या गावांच्या भोवती उगवलेत, गावं होती तिथेच आहेत. ग्रामस्थांनी दोन-तीन मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्यात. सोसायटी नाही, सेक्रेटरी नाही, मालक खाली ओट्यावर बसलेला. दिसायला भारी नसतात, पण दोन महिन्यांसाठी कोणी देत असेल तर तेच देतात.

आणि हो, खारघर नवी मुंबईत असलं तरी नवी मुंबई महापालिकेत नाही. २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे. कुठलाही दाखला काढायची वेळ आली तर वाशीला खेटे घालू नका. (मी घातलेत.)

---

रिकामटेकडा | सोमवार, सकाळी ८.०५

बॅचलर नको, मांसाहारी नको, कुत्रं नको, वकील-पोलीस नको, आता आजारीही नको. घराला भाडेकरू नाही, देवघराला मूर्ती हवी आहे यांना.

---

अक्षता_के | सोमवार, सकाळी ९.३०

एक सावधानता. ऑनलाइन जाहिरातीत "अ‍ॅक्ट्रेकपासून चालत, फुल फर्निश्ड, १२ हजार" दिसलं की पुढे सरका. माझ्या दिराला असाच फोन आला. मालक म्हणे सैन्यात, पोस्टिंग बाहेर, घर बघायला गेटपास लागतो, त्यासाठी आधी पैसे भरा, नंतर परत मिळतील. वर क्यूआर कोडही पाठवला. फोटोतल्या खिडकीबाहेर नारळाची बाग होती. सेक्टर २० मध्ये नारळाची बाग!

घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि मालकाचं नाव वीजबिलावर किंवा इंडेक्स टूवर (घराच्या नोंदणीचा उतारा) वाचल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नका. पेशंटच्या नातेवाइकांना घाई असते, हे ठगांना बरोबर माहीत आहे.

---

अंगठाबहाद्दर | सोमवार, दुपारी १.२०

माझा धंदाच भाडेकरार नोंदवण्याचा. अंगठ्याचं मशीन घेऊन घरोघरी फिरतो, म्हणून हा आयडी. 😀

आधी एक मोठा गैरसमज. "११ महिन्यांचा करार म्हणजे नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात चालत नाही. इथे भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच भाड्याचा करार, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की दोन. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि मालकांना मी नेहमी ऐकवतो ते हे: करार नोंदवला नसेल आणि भांडण झालं, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, उलटं सिद्ध करणं मालकाच्या अंगावर. हे ऐकलं की बरेच जण मुकाट सही करतात.

खर्च किती? समजा भाडं २१ हजार, डिपॉझिट ७५ हजार, मुदत ११ महिने. भाडं झालं २,३१,०००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरतात, ११ महिन्यांचे ६,८७५. बेरीज २,३७,८७५, तिचे पाव टक्का म्हणजे सहाशेच्या आत स्टँप ड्युटी. नोंदणी फी शहरात १,०००, ऑनलाइनचे हाताळणी शुल्क ३००. सरकारचं एवढंच. बाकी जे तुमच्याकडून घेतात ती आमची मजुरी. ती विचारून, ठरवून घ्या. आमच्यातले काही जण "सरकारी फी पाच हजार" सांगतात, त्यांच्या नादी लागू नका.

देवरुखकर, तुमच्यासाठी खास दोन गोष्टी. करार आईंच्या नावाने करू नका, स्वतःच्या नावाने करा. अंगठा आणि फोटो लागतो, शेक सुरू झाल्यावर त्यांना बसवून ठेवणं नको. त्यांचं नाव राहणाऱ्यांमध्ये लिहा. दुसरं, मुदत. तीन महिन्यांचा करार करायला कायद्याची आडकाठी नाही, पण मालक ११ वर अडून बसला तर लॉक-इन किती ते वाचा. "लॉक-इन ६ महिने" असेल आणि तुम्ही तिसऱ्या महिन्यात निघालात तर डिपॉझिट तिथेच अडकतं. लॉक-इन दोन महिने, नोटीस १५ दिवस, असं घालून घ्या. बदलीचं नाटक करायची गरजच नाही, करारातच वाट ठेवता येते.

---

मी_घरमालक | सोमवार, रात्री ९.५०

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. खारघरला माझा एक फ्लॅट आहे, निवृत्तीच्या पैशातून घेतलेला. मी एका पेशंटला घर दिलं आहे आणि एकाला नाकारलंही आहे.

नाकारण्याचं कारण कर्करोग लागेल ही भीती नव्हती. दोन महिन्यांसाठी घर देणं मला परवडत नाही. जाताना रंग, सफाई, पुन्हा नवा भाडेकरू, एजंटला पुन्हा एक महिन्याचं भाडं. मध्ये महिनाभर रिकामं राहिलं तर माझा हप्ता कोण भरणार?

आता दिलं त्याबद्दल. विदर्भातलं जोडपं होतं, नवरा पेशंट. चौथ्या महिन्यात ते गृहस्थ घरातच गेले. मी गेलो, सगळं केलं, डिपॉझिट त्याच आठवड्यात परत दिलं. त्यानंतर घर पाच महिने रिकामं राहिलं, कारण वॉचमन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. माझ्या बायकोने घराची शांत करून घेतली तेव्हा कुठे तिला बरं वाटलं. मला त्या कुटुंबाचा राग नाही. पण पुढच्या वेळी फोनवर "पेशंट आहे" ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून "घरी विचारून कळवतो" हेच आलं.

---

देवरुखकर | सोमवार, रात्री १०.१०

काका, मनापासून लिहिलंत. ते "घरी विचारून कळवतो" माझ्या डोक्यात आठवडाभर घुमत होतं, त्यामागे काय असू शकतं ते आज कळलं.

---

तर्कटराव | सोमवार, रात्री ११.३०

भावना बाजूला ठेवा. आजार ही खाजगी बाब आहे. करारात नाव, पत्ता, आधार, पॅन लिहितात, आजार लिहायचा रकाना नाही. मालकाला मधुमेह आहे का हे आपण विचारतो का? मग आपण का सांगायचं? विचारलं तर "आईची प्रकृती बरी नसते" इतकं पुरे. ते खोटंही नाही.

---

मोरपंखी_वही | मंगळवार, सकाळी ७.४५

तर्कटराव, मीही हेच म्हणायचे. मग भोगलं.

बाबांच्या वेळी आम्ही "गुडघ्याचं ऑपरेशन" सांगून घर घेतलं होतं. दीड महिना सुरळीत. एका रात्री दोन वाजता ताप चढला, अँब्युलन्स बोलवली. वॉचमन गेट उघडेना, कारण त्याच्याकडे काहीच माहिती नव्हती. सेक्रेटरींना उठवा, त्यांचा फोन बंद. आठ-दहा मिनिटं गेली असतील, पण मला ती अजून मोजता येतात. किमोनंतरचा ताप म्हणजे काय ते इथल्या अनेकांना ठाऊक आहे.

सकाळी मालक आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, सांगितलं असतं तर मी तुम्हाला तळमजल्यावरचा भावाचा फ्लॅट दिला असता." मी काय बोलणार?

ते नाही म्हणाले असते हेही शक्य आहेच. पण खाजगीपणा जपायच्या नादात आम्ही गेटवरच्या माणसालाही अनोळखी ठेवलं. आता कोणी विचारलं तर मी सांगते, सगळ्या सोसायटीला नका सांगू, पण मालक आणि वॉचमन या दोघांना सांगाच.

---

तर्कटराव | मंगळवार, सकाळी ९.००

वॉचमनचा मुद्दा मान्य. बाकी मत कायम.

---

सदाफुली | मंगळवार, दुपारी ३.१०

मी नर्स आहे. (हो, आयडी त्यावरूनच. व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीतून मिळतं, आमच्या दारात गुरंही खात नाहीत तिला.) घर बघताना एजंट मॉड्युलर किचन दाखवतो, तुम्ही दुसरंच बघा.

पहिलं म्हणजे ओल. कपाटाची मागची बाजू, बाथरूमलगतची भिंत हाताने चाचपा. काळपट बुरशी असेल आणि मालक "रंग मारून देतो" म्हणाला तरी नको. बुरशी रंगाखाली तशीच राहते. कबुतरं बघा. डक्टमध्ये, एसीच्या मागे, ड्राय बाल्कनीत विष्ठेचा थर असेल तर ते घर पेशंटचं नाही. शेजारी तोडफोड किंवा बांधकाम सुरू असेल तर त्याच्या धुळीतूनही बुरशीचे कण येतात. साध्या शेकाच्या पेशंटला एवढा धोका नसतो, पण ज्यांचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट आहे (तेही अ‍ॅक्ट्रेकलाच होतं) त्यांनी यात अजिबात तडजोड करू नये. त्यांना घरी सोडल्यावरही पहिले १०० दिवस हॉस्पिटलच्या जवळ राहायला सांगतात, तेव्हा त्यांनी घर चार महिन्यांच्या हिशेबाने बघावं.

मग पाणी. एप्रिल-मे मध्ये काही सोसायट्या टँकरवर असतात. शेजाऱ्यांना विचारा, मालकाला नको. प्यायचं पाणी उकळायचंच.

आणि एक गोष्ट इथलेच लोक सांगतील. रात्री उशिरा तळोज्याच्या औद्योगिक पट्ट्याकडून कधीकधी उग्र वास येतो. निरोगी माणूस खिडकी लावून झोपतो, मळमळणाऱ्याला रात्रभर त्रास होतो. उत्तरेकडच्या सेक्टरमध्ये घर घेणार असाल तर एकदा रात्री ११ नंतर जाऊन उभे राहा.

देवरुखकर, जिभेचे शेक आहेत म्हणून सांगते. पहिले दोन आठवडे आई म्हणतील काहीच होत नाही. तिसऱ्यापासून तोंड सोलवटतं, गिळताना डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा सगळं खाणं मिक्सरमधून. त्यामुळे स्वयंपाकघर हवंच, "डबा लावू" यावर विसंबू नका. मऊ भात, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, मिरपूड-चिंच बंद. कमोड हवा, भारतीय पद्धतीचं नको. बाहेरून देतात त्या शेकाने माणूस किरणोत्सारी होत नाही. मांडीवर नातवंड घेतलं तरी चालतं. मालक किंवा शेजारी कुजबुजले तर हे त्यांना शांतपणे सांगा. निम्मे नकार या अज्ञानातून येतात.

---

घाटमाथा | मंगळवार, सायं. ६.२५

घराच्या आधी एक दार ठोठवा: हॉस्पिटलमधला वैद्यकीय समाजसेवा विभाग. धर्मशाळा, संस्थांच्या खोल्या, कुठे जागा आहे, कोणाला चिठ्ठी लागते, ते त्यांना माहीत असतं. लहान मूल पेशंट असेल तर सेंट ज्यूडच्या केंद्रात आई-वडिलांसह मोफत राहता येतं. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या पेशंटांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळते आहे, पण तुमचे शेक खारघरला म्हणून दादर लांब पडेल. प्रतीक्षा असते, तरी नाव घालून ठेवा.

लोकलला दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येतं. कागद जवळ ठेवा. आणि गावी जाताना मेल-एक्स्प्रेसचं तिकीट काढाल तेव्हा हॉस्पिटलकडून सवलतीचा फॉर्म भरून घ्या, स्लीपर आणि थ्री एसीला रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सूट.

---

निमकर_वहिनी | मंगळवार, रात्री ८.००

आमच्या सोसायटीने भाडेकरूकडून "शिफ्टिंग चार्ज" पाच हजार आणि वर दरमहा "एनओसी चार्ज" मागितला होता. हे द्यायचं असतं का?

---

अंगठाबहाद्दर | मंगळवार, रात्री ८.४०

वहिनी, तुमचा तो एनओसी म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागतो तो) मालकाने भरायचा, तोही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नाही. शासनाचा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे. सोसायटीला नोंदवलेल्या कराराची आणि पोलिसांना माहिती दिल्याची प्रत द्या. पोलिसांची माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येते, चौकीत चहा पाजायला जायला नको. पाच हजारांची पावती मागा. पावतीचं नाव काढलं की पुष्कळदा आकडा आपोआप खाली येतो.

---

देवरुखकर | पुढच्या सोमवारी, रात्री ९.१५

मंडळी, घर मिळालं!

पनवेलकरांचं ऐकून गावांतून पायी फिरलो. एका गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर सुकट वाळत घातलेली. मालकीणबाई साठीच्या. मी आधीच सांगून टाकलं, आईला जिभेचा कर्करोग आहे, शेक आहेत, तीन महिने हवंय. त्यांनी दुसरं काहीच विचारलं नाही, फक्त "गिळता येतं का?" एवढंच. त्यांच्या जावेचं हेच झालेलं. मग स्वतःच म्हणाल्या, सुकट उचलते, तिला वासाने उमळेल.

भाडं १४ हजार, डिपॉझिट ४०. करार तीन महिन्यांचा. नोंदणीला त्यांचा मुलगा कुरकुरला, "गावात कोण करतंय?" त्याला कलम ५५ वाचून दाखवलं. अंगठाबहाद्दर, तुमच्याच जातकुळीतले एक जण मशीन घेऊन आले, मजुरी आधी ठरवली. मात्र या घरांच्या कागदांचा प्रश्न असतो, पुष्कळशी गरजेपोटी, परवानगीविना बांधलेली. वीजबिल बाईंच्या नावाचं होतं, ते बघून पुढे गेलो.

गॅसचं कोणाला लागलं तर: कनेक्शनच्या भानगडीत पडलो नाही. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, स्थानिक पत्त्याचा पुरावा लागत नाही.

शेक आजपासून सुरू. रिक्षाने दहा मिनिटांत पोचलो. आईने पाटीवर लिहिलं, "डोंबिवलीला कळव, पूल नाही."

---

मी_घरमालक | सोमवार, रात्री ९.४०

उत्तम झालं. माझा फ्लॅट पुढच्या महिन्यात रिकामा होतोय. तळमजला नाही, पण लिफ्ट आहे, ओल नाही, कबुतरांना जाळी बसवली आहे. कोणाला ट्रान्सप्लांटसाठी चार महिने हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. वॉचमनशी मी बोलतो.

---

तर्कटराव | सोमवार, रात्री ९.५५

काका, एजंटला न विचारता दिलात तर त्याचं एक महिन्याचं भाडं वाचेल. तेवढं भाड्यातून कमी करा.

---

मी_घरमालक | सोमवार, रात्री १०.०२

अर्धं करतो.

---

देवरुखकर | दोन महिन्यांनी, शनिवार, दुपारी ४.३०

धागा वर काढतोय. तिसाव्या शेकाला आठ दिवस उशीर झाला, सदाफुलीताई म्हणाल्या तसं तिसऱ्या आठवड्यानंतर फार कठीण गेलं. आंबील आणि कढणावर निभावलं. महिन्याने दाखवायला यायचं आहे. येत्या रविवारी घर सोडतोय.

दोन गाद्या, कमोडची खुर्ची, मिक्सर (घासून स्वच्छ केलेला), पाच किलोचा सिलिंडर आणि शेगडी गावी नेत नाही. मालकीणबाई म्हणतात, पुढचा पेशंट आला तर सामान इथेच राहू दे. खोल्या अजून कोणाला दिलेल्या नाहीत.

---

सोलापुरी_चादर | शनिवार, दुपारी ४.५२

दादा, आम्हाला हव्यात. वडिलांचे शेक बुधवारी सुरू होतायत, २५ आहेत. आत्ता स्टेशनजवळ लॉजवर आहोत. आज संध्याकाळी बघायला येऊ का?

---

देवरुखकर | शनिवार, दुपारी ४.५५

या. व्यनित पत्ता टाकलाय. सहाच्या आधी या, नंतर आई झोपते.